5जी-आय सोडलं ते बरं झालं की वाईट?

कोथरूडकर: ऑफिसात यावरून जुंपली, म्हणून धागा काढतोय. टीएसडीएसआय या भारतातल्या दूरसंचार मानकं ठरवणाऱ्या संस्थेने आयआयटी मद्रास-हैदराबादच्या मंडळींना घेऊन 5जी-आय हे भारतीय मानक तयार केलं. आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेची मान्यताही मिळवली. मोबाइल कंपन्यांनी खर्चाच्या नावाने नाकं मुरडली आणि शेवटी ते थ्रीजीपीपी या मोबाइल मानकं लिहिणाऱ्या जागतिक मंडळाच्या रिलीज 17 मध्ये, म्हणजे मानकाच्या सतराव्या आवृत्तीत, विलीन झालं. माझ्या मते हातचं घालवलं. ज्याची पेटंटं मानकात, त्याला रॉयल्टी. आपण हँडसेटमागे पैसे मोजत बसायचं.

पेठकरी: सीडीएमए विसरलात वाटतं? त्या पद्धतीचा फोन स्वस्त पडतो म्हणून 2003 च्या सुमारास घेतला होता. सिमच नाही, नंबर हँडसेटमध्येच भरलेला. पुढे विकायला बुधवारात पासोड्या विठोबापाशी गेलो. दुकानदाराने मागचं झाकण काढलं, सिमची खाच दिसेना, तसाच काउंटरवरून परत सरकवला. ‘जीएसएम, सिमवाला असेल तर बोला.’ वेगळं मानक म्हणजे हे, साहेब.

आरएफवाला: पेठकरी, तंत्र म्हणून सीडीएमए वाईट नव्हतं. थ्रीजी त्याच कल्पनेवर उभं राहिलं. जीएसएम जिंकलं ते करारामुळे. 1987 मध्ये कोपनहेगनला 13 देशांच्या ऑपरेटरांनी एकाच पद्धतीचं नेटवर्क उभारायच्या करारावर सह्या केल्या. हँडसेट बनवणाऱ्यांना बाजार आधीच ठरवून मिळाला.

आणि कोथरूडकर, 5जी-आयचा जीव एका आकड्यात होता. 5जी मानकाच्या ग्रामीण चाचणीत दोन टॉवरमधलं अंतर पावणेदोन किलोमीटरच्या आतबाहेर धरायचे. आपल्याकडे टॉवर ग्रामपंचायतीच्या गावात आणि वाड्या लांब लांब, म्हणून भारताने आयटीयूकडून 6 किलोमीटरची अट घालून घेतली. अडचण टॉवरची नसतेच, तो गावभर ओरडतो. फोनची कुजबुज परत पोचत नाही. ती पोचवायचा उपाय म्हणजे 5जी-आय. तो रिलीज 17 मध्ये गेला म्हणजे जगभरच्या चिपवाल्यांसमोर गेला. घालवलं काय?

वेल्हेकर: 6 किलोमीटर सपाटीवर ठीक आहे. आमच्यात आणि टॉवरमध्ये तोरणा उभा आहे. त्याला कुठलं रिलीज लावता?

कोथरूडकर: 😄 तोरण्यापुढे हात टेकले. पण चीन बघा. सगळं जग एकीकडे आणि त्यांनी टीडी-एससीडीएमए हे स्वतःचं थ्रीजी काढलं.

आरएफवाला: ते चीनबाहेर चाललं नाही. मग टीडी-एलटीई हे 4जी त्यांनी थ्रीजीपीपीच्या आतूनच रेटलं, आणि ते चाललं. 2012 मध्ये कोलकाता-बंगळूरनंतर पुण्यात एअरटेलचं 4जी आलं, ते 2300 मेगाहर्ट्झवरचं टीडी-एलटीईच. डोंगल लावून मिरवलेले इथे असतीलच कोणी.

कोथरूडकर: मग माझाच मुद्दा झाला की! चायना मोबाइलने स्वतःचं थ्रीजी कोट्यवधी गिऱ्हाइकांना चालवून दाखवलं. आपण 5जी-आयचं व्यावसायिक नेटवर्क कुठेच उभं न करता थ्रीजीपीपीत गेलो. कोण कशाला जुमानेल? निदान दोन-चार जिल्ह्यांत चालवून मग विलीन करायचं होतं.

पेठकरी: आणि त्या जिल्ह्यांतल्या लोकांनी वेगळा हँडसेट घ्यायचा, होय ना? पुणे जिल्हा यादीतून वगळा. माझा एक अजून ड्रॉवरमध्ये पडलाय.