रोलबॅक झाला तरी एरर लॉग टिकवायचा कसा? (ओरॅकल ते पोस्टग्रेस)

लातूरकर:
राम राम. लातूरच्या एका तेल गिरणीचं सोयाबीन खरेदीचं सॉफ्टवेअर मी एकटाच सांभाळतो. लायसनच्या खर्चापायी मालकांनी ओरॅकल डेटाबेस सोडून पोस्टग्रेस १५ वर जायला लावलं. शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी काढणाऱ्या प्रोसीजरमध्ये (डेटाबेसात ठेवलेला कोड) चूक निघाली की ओरॅकलला ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शनवाली, म्हणजे मूळ व्यवहारापासून स्वतंत्र चालणारी, छोटी प्रोसीजर लॉगमध्ये ओळ टाकायची, मग रेझ, म्हणजे चूक वर फेकणं. सगळं मागं जायचं (रोलबॅक), ओळ तेवढी राहायची.

परवा २१२ पट्ट्यांत एकीचं वजन रिकामं. सगळ्याच अडकल्या, लॉग उघडला तर कोरा! बाहेर शेतकरी पैशाला थांबलेले, मुनीम माझ्या तोंडाकडं बघतोय. प्रोसीजरमध्येच कमिट (झालेलं काम पक्कं करायचा आदेश) टाकून पाहिलं तर 'इनव्हॅलिड ट्रान्झॅक्शन टर्मिनेशन'. मालक म्हणतात मायएसक्यूएलवर न्या. न्यावं का?

जालना_डीबीए:
दादा, पोस्टग्रेसमध्ये ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन नाहीच. लॉगची ओळ त्याच व्यवहारात बसली, रेझबरोबर गेली. मी तर म्हणतो रेझच काढा. लूपच्या आत दर पट्टीला वेगळा बिगिन-एक्सेप्शन-एंड (चूक पकडणारा ब्लॉक) द्या. चूक झाली की त्या ब्लॉकातलं तेवढंच मागं जातं आणि एक्सेप्शनखाली केलेला लॉगचा इन्सर्ट राहतो. एक पट्टी अडेल, २११ निघतील. कमिट मात्र एंडच्या बाहेर, एक्सेप्शनवाल्या ब्लॉकात ते चालत नाही.

तो एरर बहुतेक ऑटोकमिट (दर आदेश आपोआप पक्का होणं) बंद असल्यामुळं. ॲपला डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर आधीच बिगिन करून, म्हणजे व्यवहार उघडून बसतो, मग आतलं कमिट कसं चालेल? मुळात कमिट करता येणाऱ्या प्रोसीजर पोस्टग्रेसला आल्या त्याच २०१८ साली, ११ व्या आवृत्तीत. त्याआधी नुसती फंक्शनं.

रेझ ठेवायचाच असेल तर डीबीलिंकनं दुसरं कनेक्शन उघडून लॉग लिहा. जड जातं, पण टिकतं.

बीड_बॅकएंड:
मायएसक्यूएललाही ऑटोनॉमस नाही भाऊ. आम्ही एका पतसंस्थेत लॉगचं टेबल मायएसक्यूएलच्या मायआयसॅम या साठवणीच्या इंजिनात ठेवलं होतं. त्याला व्यवहार कळतच नाही, म्हणून रोलबॅकनंतरही ओळ जागेवर. जुगाडच, पण चालला. एसक्यूएल सर्व्हरवाले टेबल व्हेरिएबलमध्ये (टेबलासारख्या चलात) ओळी जमवतात. रोलबॅक झाला तरी त्या राहतात, मग खऱ्या टेबलात ओततात. ओरॅकलची पॅकेजेस (प्रोसीजरचे गठ्ठे) ढीगभर असतील तर मारियाडीबी १०.३ पासून ओरॅकल मोड आहे, त्यात पॅकेज चालतात. पण एका लॉगपायी बिऱ्हाड हलवू नका.

लातूरकर:
रेझ काढला, ऑटोकमिट चालू केला. आज पट्ट्या निघाल्या, दोन अडल्या त्या लॉगात दिसतायत. लई उपकार. पण आता नवीनच. गाडी नंबर रिकामा असलेल्या पट्ट्या तपासणीतून बिनबोभाट सुटतायत. इझ नल (किंमतच नाही का, ही तपासणी) तर लावलेलं आहे की!

जालना_डीबीए:
ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला नल समजतो, पोस्टग्रेस नाही. तुमच्या परवाच्या वजनाचंही तेच झालं असणार, रिकाम्या स्ट्रिंगचा न्यूमेरिक करायला गेला आणि अडला. ॲपकडून येणाऱ्या दर फील्डला नलइफ (रिकामी स्ट्रिंग आली की तिचा नल करणारं फंक्शन) लावा. किती फील्ड आहेत?

लातूरकर:
एकसष्ट.

जालना_डीबीए:
मग डबा मागवून घ्या.