मेणवलीच्या घाटावरची पोर्तुगीज घंटा: नाद तोच, अर्थ बदलला का?

कृष्णाकाठ (प्रश्न):
वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर जी प्रचंड घंटा टांगलेली आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे वर्ष आहे. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर ती आणून येथे टांगली, असे सर्वत्र वाचायला मिळते. माझी शंका अशी की, चर्चसाठी ओतलेली घंटा शिवालयापुढे आल्यावर तिच्या वाजण्याचा अर्थही बदलला का? शिवाय देवळातल्या नेहमीच्या घंटेपेक्षा तिचा आवाज निराळा का वाटतो?

वसईगावकर:
चर्चची घंटा देवाला उद्देशून नव्हे, तर गावाला उद्देशून वाजते, हा मुख्य फरक आहे. सकाळी, दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला होणाऱ्या आंजेलसच्या प्रार्थनेसाठी मध्ये थोडे थांबत तीन-तीन ठोके तीनदा दिले जातात आणि मग सलग नऊ. तो नाद कानी पडला की शेतात असलेल्या माणसानेही हातातले काम थांबवून प्रार्थना म्हणावी, अशी अपेक्षा असते. कोणी वारले की ठोके संथ पडतात आणि ते मोजत असतानाच घरोघरी विचारणा सुरू होते. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, म्हणजे आज्ञा गुरुवारी, मिस्सेत (चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत) गौरवगीत झाले की घंटा मुकी होते ती ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीपर्यंत, आणि मधल्या काळात लाकडी फळ्यांचा कोरडा खडखडाट करतात. ते मौनही घंटेच्या भाषेचाच भाग आहे. नवी घंटा बिशपच्या हस्ते आशीर्वादित करून तिला संताचे नाव देण्याची जुनी प्रथा आहे, हेही येथे सांगण्याजोगे आहे.

पंचवटीकर:
देवळातली घंटा कोणताही भाविक स्वतःच वाजवतो, तिला ठरलेली वेळ नसते आणि ठोक्यांची संख्याही नसते. आरतीच्या वेळचा सलग घंटानाद तेवढा सामुदायिक. पूजेतला श्लोक तर स्पष्टच आहे: ‘आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम्’, म्हणजे देवांनी यावे आणि राक्षसांनी जावे यासाठी हा नाद. तेव्हा अर्थ बदललाच, आणि माझ्या मते तो वाजवणाऱ्या हातामुळे बदलला. विजयाची खूण हा तिसरा अर्थ त्यावर चढला. मेरीची आकृती आणि वर्ष तसेच राहिल्यामुळे घंटा कोठून आली, हे पाहणाऱ्याला आजही कळते. वसईहूनच आलेल्या, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे वर्ष आहे, आणि खणखणीत आवाजाच्या माणसाला आमच्याकडे अजूनही ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात.

मात्र चिमाजी अप्पांनी ती थेट मेणवलीला टांगली, हे मला पटत नाही. नाना फडणवीसांचा जन्मच १७४२ चा. वाडा आणि घाट त्यांच्या कर्तेपणीचे. नारोशंकर मंदिरही १७४७ चे, म्हणजे वसईच्या विजयानंतरचे. वसईहून निघालेल्या घंटा मधल्या काळात कोठे तरी राहिल्या असणार आणि मंदिरे उभी राहतील तशा दिल्या गेल्या असणार.

ओतारी:
आवाजाविषयी थोडे. युरोपीय घंटेचे कासे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील असे असते. तोफेच्या काशात कथील त्याच्या निम्मेच. कथील जास्त असले की नाद लांबतो, पण धातू ठिसूळही होतो, म्हणून अशा घंटेला हातोडा मारून पाहण्याचा मोह आवरावा. घंटेची खालची कड मुद्दाम जाड ठेवतात आणि लोळी (आत टांगलेला लोलक) नेमकी तेथेच आपटते. एक ठोका देऊन कान लावल्यास मुख्य स्वराखाली खर्जाची घुमणारी ओढ आणि वर कोमल गंधार ऐकू येतो. जुन्या घंटांत हे स्वर काटेकोर जुळलेले नसतात, तरी आपल्याला जाणवणारा गंभीरपणा बराचसा त्या कोमल गंधाराचा आहे. देवळातली लहान, पातळ कडेची घंटा उंच स्वरात चटकन बोलते आणि तिचा नादही लवकर विरतो.

कृष्णाकाठ:
नानांच्या जन्मसालाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. गोव्यातील घंटांच्या जागाही अशा बदलल्या आहेत का?

वसईगावकर:
होय, आणि तेथे तर युद्धाचाही संबंध नव्हता. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठ १८३५ मध्ये ओस पडला. त्याची मोठी घंटा पुढे आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या टेकडीवरील चर्चमध्ये चढवली गेली. ती अजून तेथेच आहे.