बार्डिक कला कानानं शिकवावी, वर्गात आणि शेकोटीपाशी कागद नको

भिंगरी

मी पिट्सबर्गला राहते. आमच्या घरापासून तासाभरावर, स्लिपरी रॉकजवळ कूपर्स लेकच्या माळावर, जुलै संपता संपता पेन्सिक वॉर भरतं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम, म्हणजे एससीए, १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सुरू झाली. सतराव्या शतकाच्या आधीचा युरोप कपडे, स्वयंपाक, तलवारबाजी, गाणं यांतून जगून बघायचा, असा हा छंद. पेन्सिक हा त्यांचा सगळ्यात मोठा मेळा. १९७२ पासून भरतोय, आणि दहा हजारांच्या आसपास माणसं दोनेक आठवडे तंबू ठोकून राहतात. दिवसा लुटुपुटीच्या लढाया आणि शेकडो वर्ग असतात, शिकवणारे सगळे हौसेनं फुकट शिकवतात. रात्री शेकोट्या पेटतात आणि त्यांच्याभोवती बार्डिक सर्कल, म्हणजे गाणाऱ्यांचं आणि काव्य म्हणणाऱ्यांचं कोंडाळं, बसतं. बार्ड म्हणजे जुन्या काळचा, आपल्या शाहिरासारखा कवी-गायक. पाळी आली की आपण गायचं, नाहीतर दुसऱ्या कुणाला गायला सांगायचं, नाहीतर पाळी पुढे सरकवायची. एवढाच नियम.

गेल्या वर्षी अशाच एका सर्कलमध्ये एक बाई वीराच्या मृत्यूवरचं काव्य म्हणायला उभ्या राहिल्या. आवाज खणखणीत, अंगावर स्वतः विणलेली शाल. पण हातात मोबाईल. शेकोटीचा तांबूस उजेड त्यांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला आणि हनुवटीवर स्क्रीनचा निळा. नेमका वीर पडतो तिथे त्यांचा अंगठा जास्त सरकला आणि ओळ हरवली. त्या परत वर गेल्या, शोधत राहिल्या, आणि समोर बसलेले आम्ही सगळे लाकडांकडे बघायला लागलो. ती शांतता मला अजून आठवते. बाई मनापासून म्हणत होत्या, म्हणून जास्त वाईट वाटलं.

मी तिथे जुन्या इंग्रजी अनुप्रासी काव्याचा वर्ग घेते. ओळीचे दोन अर्धे, प्रत्येकात दोन ठोके. दुसऱ्या अर्ध्यातल्या पहिल्या ठोक्याला जो आवाज असेल तो आधीच्या अर्ध्यात एकदा तरी, जमल्यास दोनदा यायचा, आणि शेवटचा ठोका मोकळा. मराठीत करून दाखवायचं तर: काळ्या कातळावर, कोसळे पाऊस. क, क, क, आणि मग प. पहिली दोन वर्षं मी सहा पानांचा कागद वाटायचे. चाळीस मिनिटं माना खाली. कुणी विचारायचं, तिसऱ्या पानावरचा शब्द कसा उच्चारायचा? मी तो शब्द नुकताच चार वेळा उच्चारलेला असायचा.

गेल्या वर्षी वर्गाच्या आधी पाऊस आला आणि कागदांचा लगदा झाला. मग मांडीवर हात आपटून ठोके दिले, ओळ म्हटली, त्यांनी म्हटली. बारा ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या नळावर रांगेत उभी होते, तर पुढची मुलगी बादली भरता भरता त्यातल्या ओळी म्हणत होती, ठोके अगदी जागच्या जागी. कागद दिलेल्या दोन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत झालंय की ही विद्या कानाची आहे. रोमच्या सीझरनं गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, ड्रुइड नावाच्या पुरोहितांबद्दल लिहून ठेवलंय की काही जण वीस वीस वर्षं पाठांतर करत, आणि लिहिलं की स्मरणाकडे दुर्लक्ष होतं म्हणून लिहीत नसत. वेल्समध्ये रॉबर्ट अप ह्यूनं साधारण १६१३ मध्ये जुन्या हार्पवादनाची स्वरलिपी उतरवून ठेवली. वही ब्रिटिश लायब्ररीत आहे, पण हाताला हात धरून शिकवणारी साखळी तुटली, आणि त्या खुणा वाजवायच्या कशा यावर जाणकार आजही भांडतात. कागद उरला आणि हात गेला. आपल्याकडे झीलकरी शाहिराच्या मागे उभा राहून जी जी रं जी म्हणतच तयार होतो. मग तंबूतल्या वर्गात झेरॉक्स कशाला?

बाडवाला

ताई, वर्ग चांगला झाला याचा आनंद आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अजिबात मान्य नाही. सीझर ड्रुइडांबद्दल बोलतोय, बार्डांबद्दल नाही. त्याच परिच्छेदात तो सांगतो की बाकीच्या व्यवहारात ते लोक ग्रीक अक्षरं वापरत.

आणि तुम्ही शिकवता ते काव्य आलं कुठून? बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी वीरकाव्याच्या ३१८२ ओळी एका, फक्त एका हस्तलिखितात उरल्या. १७३१ मध्ये लंडनला ज्या घरात ते ठेवलं होतं त्याला आग लागली आणि पानांच्या कडा करपल्या. पुढे त्या कडा झडत गेल्या. थॉर्केलिन नावाच्या आइसलँडच्या विद्वानानं १७८० च्या दशकाच्या अखेरीस दोन नकला करवल्या, त्यातली एक स्वतः केली. नंतर झडून गेलेली कित्येक अक्षरं आज फक्त त्या नकलांत वाचता येतात. कानावर भरवसा ठेवला असता तर तुम्हाला मांडी आपटायला एक ओळ मिळाली नसती.

ट्रूबादूरांची, म्हणजे दक्षिण फ्रान्सकडच्या मध्ययुगीन कवी-गायकांची, साधारण अडीच हजार गीतं उरली, चाली मात्र जेमतेम दहातल्या एकाच्या. दिआच्या काउंटेसचं एक गीत आज सर्कलमध्ये गाता येतं, कारण कुणीतरी त्याची चाल वहीत उतरवली. स्त्री ट्रूबादूरांपैकी चालीसकट उरलेलं तेवढं एकच. बाकीच्यांचे नुसते शब्द राहिले. त्या बायकांच्या चाली कानोकानीच होत्या ना? मग कुठे गेल्या?

शाहिरांचं म्हणाल तर त्यांच्याकडे बाडं असत. माझ्या आजोळी एक बाड होतं, लाल फडक्यात बांधलेलं, कडेला हळदीचे डाग. वारकऱ्यांत गाथा लोकांच्या तोंडी तरली असं आपण अभिमानानं सांगतो, पण संताजी जगनाडे वही घेऊन लिहीत बसले होते हेही सांगावं.

रानवारा

भिंगरी, शंभर टक्के सहमत. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, तिला अक्षर येत नव्हतं. दळण संपेपर्यंत ओवी संपायची नाही, दाणे जास्त असले तर ती जागच्या जागी नवी ओवी जोडायची. हे जोडणं वाचणाऱ्याला जमत नाही. कागदावरचं काव्य आहे तेवढंच राहतं. सर्कलमध्ये मूल झोपलं तर कडवं आटोपतं घ्यायचं, ऐकणारे रंगले तर वाढवायचं, हे मनात साठा असेल तरच होतं.

चांदणवेल

मी तीन वर्षं पेन्सिकला जाते आहे. माझ्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. वरची चर्चा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते.

कानानं शिकवावं, असं तुम्ही सहज म्हणता. दिवसा तंबूच्या कापडाखाली वर्ग असतो, शेजारी कुणीतरी ढोल शिकवत असतो, वारा कापड फडफडवतो. यंत्र हे सगळं सारखंच मोठं करतं. मला ठोका कळतो, तो मी जमिनीतून घेते, पण क आणि त मधला फरक जातो. आणि तुमची सगळी कला नेमकी त्या फरकावर उभी आहे. माझ्या हातात कागद असेल तर मी त्या वर्गात आहे. नसेल तर मी बाकीच्यांचं बघून मांडीवर हात आपटणारी एक बाई आहे. गेल्या उन्हाळ्यात एका वर्गात मी कागद मागितला, तर शिकवणारे म्हणाले, आम्ही परंपरेप्रमाणे शिकवतो. वीस माणसांसमोर. मी उठून बाहेर आले.

भिंगरी

चांदणवेल, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. वर्गात कागद नको हे मी सरसकट लिहिलं ते चुकलं, ते मागे घेते. तुमच्यासारखं कुणी समोर बसलं असेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

बाडवाले, जपायला कागद लागतो हे मला मान्यच आहे. पण जपणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. ऑक्वर्थ आणि शाळिग्रामांनी १८९१ मध्ये पोवाडे छापले, ते बरेचसे गोंधळ्यांच्या तोंडून मिळाले. आधी तोंड होतं, म्हणून कागदावर आलं.

उंबरठा

माझी तक्रार दोन्ही बाजूंकडे आहे. कानोकानी शिकलेल्या गोष्टीला मूळ राहत नाही. मी एका शेकोटीवर एक शोकगीत शिकलो, मला सांगितलं गेलं की चौदाव्या शतकातलं आहे. दोन वर्षं मी ते मुलांना शिकवलं. मग कळलं की ते एससीएमधल्याच एका बाईंनी रचलंय, त्या हयात आहेत, आणि त्यांचं नाव कुणीही घेत नाही. गीत सुंदर आहे, नवं असल्यानं ते उणं होत नाही. जुन्या चालीवर नवे शब्द बसवणं तर मध्ययुगात सर्रास चालायचं, आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर चाल अमुक असं छापायचे तसंच. पण नाव हवं.

वेल्समध्ये काय झालं बघा. इओलो मॉर्गनुग या वेल्श कवीनं १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर बार्डांचा विधी घडवला आणि तो प्राचीन काळापासून चालत आल्याचं सांगितलं. विधी बराचसा त्यानंच रचलेला होता. १८१९ मध्ये तो कार्मार्दनच्या आयस्टेदफॉडला, म्हणजे काव्य-संगीताच्या वेल्श स्पर्धामेळ्याला, जोडला गेला आणि आजही चालू आहे. लोकांना तो प्रिय आहे, असू दे. पण ११७६ मध्ये लॉर्ड रीस या वेल्श राज्यकर्त्यानं कार्डिगनच्या किल्ल्यात कवी आणि वादकांची स्पर्धा भरवली ही लिखित नोंद असलेली गोष्ट, आणि हा विधी, या दोन्ही लोक आता एका दमात सांगतात. गाण्याआधी एक वाक्य बोला: शब्द कुणाचे, चाल कुठली, मी कुणाकडून शिकलो. पाठ करून बोला, वाचून बोला, पण बोला.

बाडवाला

उंबरठा, हे वाक्य मी माझ्या बाडात पहिल्या पानावर लिहीन.

भिंगरीताई, वर्गाचं मागे घेतलंत, मग शेकोटीचं का धरून ठेवताय? पन्नाशीनंतर पाठांतर होत नाही. माझं होत नाही. दिवसभर नोकरी करून जो माणूस वर्षातून एकदा उभं राहण्याचं धाडस करतो, त्याच्या हातातली वही काढून घेतली तर तो पाळी पुढे सरकवेल, कायमची.

भिंगरी

वही असू द्या, काढून घेणारी मी कोण? मोबाईलबद्दल मात्र माझं मत तसंच आहे. अंधारात तो उजेड म्हणणाऱ्याचा चेहरा खाऊन टाकतो, आणि चेहरा दिसल्याशिवाय मला काव्य पोहोचत नाही. तुम्हाला बारा ओळी पाठ होत नसतील तर चार करा, आणि चारच म्हणा. मी स्वतः पहिल्या वर्षी दोन म्हटल्या होत्या, लोकांनी तेवढ्यालाही लाकडं वाजवून दाद दिली.

येत्या ऑगस्टच्या वर्गाचं असं ठरवलंय. कागद दारातच ठेवीन, मोठ्या अक्षरात, ठोक्याची अक्षरं ठळक करून, खाली रचणाऱ्याचं नाव. ज्याला हवा त्याने घ्यावा, कारण विचारणार नाही. बाकीच्यांना पहिली वीस मिनिटं तो न बघता शिकायला सांगीन. चांदणवेल, तुम्ही येणार असाल तर पहिल्या ओळीतली जागा धरून ठेवते, ढोलवाल्यांच्या विरुद्ध बाजूची.

चांदणवेल

येईन. पण मला कागद आदल्या दिवशी हवा. वर्गात वाचत बसले तर तुमचे ओठ बघायचे राहतात, आणि माझं अर्धं ऐकणं तिथेच असतं. आणि शेकोटीपाशी गाताना दाढीवाल्यांनी जरा उजेडाकडे तोंड करावं, एवढं त्यांना तुम्हीच सांगा.