मदत हवी आहे: चेतापेशीत शिरलेला सोडियम बाहेर काढायला पंप पोचतो कधी?

नमस्कार. लेक अकरावी सायन्सला आहे. मी कॉमर्सची, जीवशास्त्र दहावीलाच सुटलं, तरी रात्री तिच्याबरोबर बसते. गाडी इथे अडली आहे.

चेतापेशी शांत असताना आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. संदेश आला की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, व्होल्टेज अधिक ३०च्या आसपास चढतं आणि लगेच उतरतं. इथवर मलाही कळलं. पुढे क्लासच्या नोट्समध्ये आहे की पेशीच्या आवरणातला पंप ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि पेशी पूर्ववत होते. लेकीने मार्जिनमध्ये पेन्सिलीने हिशेब मांडलाय: एक पंप सेकंदाला शे-दोनशे फेऱ्या मारतो, म्हणजे फेरीला ५ ते १० मिलिसेकंद. संदेश तर १-२ मिलिसेकंदांत आटोपतो! सरांना विचारलं तर म्हणाले, "परीक्षेला येत नाही." (या उत्तराचा मला फार राग येतो, असो.)

आणखी एक. दोन पेशींमध्ये फट कशाला? वायरीसारखी थेट जोड का नाही?

प्रतिसाद १
ताई, हिशेब बरोबर आहे, नोट्स चुकल्यात. व्होल्टेज खाली आणतो तो पोटॅशियम. सोडियमची दारं मिलिसेकंदभरात आपोआप बंद होतात, पोटॅशियमची उघडतात, तो बाहेर पडतो, झालं. पंपाचं काम गच्चीवरची टाकी भरून ठेवण्याचं. तांब्याभर पाणी घेतलं म्हणून कोणी लगेच मोटर लावत नाही. एका संदेशात शिरणारा सोडियम जाड तंतूत (चेतापेशीच्या संदेश नेणाऱ्या लांब धाग्यात) एकूण साठ्याच्या मानाने नगण्य असतो.

हे करून पाहिलेलं आहे. १९५५ साली हॉजकिन आणि कीन्स यांनी माकूल (समुद्रातला स्क्विड) आणि तिच्या भाऊबंदांचे चेतातंतू घेतले, विषाने पंप बंद पाडला, तरी संदेश जातच राहिले. माकूल का, तर तिचा मोठा चेतातंतू अर्धा-एक मिलिमीटर जाड, शेवईएवढा. नुसत्या डोळ्यांना दिसतो, आत तार सरकवता येते.

प्रतिसाद २
फटीबद्दल. थेट जोडही असते, हृदयाच्या स्नायूपेशी तशाच जोडलेल्या आहेत. पण फट असली की संदेश एकाच दिशेने जातो आणि रसायन बदलून पुढच्या पेशीला 'थांब'ही सांगता येतं. तंतूच्या टोकाला वीज पोचते, कॅल्शियम आत येतं, पुड्या फुटून रसायन बाहेर पडतं आणि साधारण २० नॅनोमीटर ओलांडून पलीकडच्या ग्राहीवर, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या जागेवर, बसतं.

मी खेड्यात प्रॅक्टिस करतो, तिथे ही फट दिसते. मण्यार चावलेला माणूस पहाटे येतो, दंशाची खूण सापडत नाही, सूज नाही, फक्त पापण्या उचलत नाहीत. मण्यारीचं विष चेतातंतूचं टोकच निकामी करतं, रसायन सुटतच नाही. नागाचं विष पलीकडे, स्नायूवरच्या ग्राहीवर ठाण मांडतं. वीज दोन्हीकडे टोकापर्यंत ठीक पोचलेली असते.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. टाकीचं लगेच पटलं, आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. पण आता तिचा पुढचा प्रश्न: बारीक तंतूची टाकीही लहान, मग तिथे पंप बंद पडला तर संदेश लवकर थांबतील ना? उद्या संध्याकाळपर्यंत कोणी सांगितलं तरी चालेल.

प्रतिसाद १
हो, थांबतील. तिला सांगा, सरांना आता हेच विचार.