सतार: हाताकडे लक्ष दिलं की मींड उतरते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची, सतार शिकतेय. मींड, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सलग जाणं, घेताना हाताकडे लक्ष गेलं की ती हमखास उतरते, सूर कमी पडतो. सा च्या पडद्यावर (दांडीवरची आडवी पट्टी) तार ओढून ग पर्यंत जायचं असतं, पण बोट किती दाबलंय, मनगट कडक झालंय का, अंगठा दांडीला आवळलाय का हे बघत बसले की ग येतच नाही, वर अंगठ्याचं मूळ ठणकतं ते वेगळंच. तेच आधी ग गुणगुणून, तो कानात धरून तार ओढली की बोट बरोब्बर तिथे जातं. त्यात घर पूर्व भागात, शेजारी लूम (यंत्रमाग) सुरू झाले की सूर धड ऐकू येत नाही, मग लक्ष परत बोटावर आणि पुन्हा तेच रडगाणं.

सर म्हणतात आधी हात बसू दे. आणि नेटवर गाब्रिएल वुल्फबाईंचं संशोधन वाचलं, १९९८ मध्ये त्यांनी स्की सिम्युलेटरवर (बर्फावर घसरण्याचा सराव करायचं यंत्र) काही जणांना स्वतःच्या पायाकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या चाकांकडे, तर चाकांवाले जास्त चांगलं शिकले. शरीराकडे मुद्दाम बघितलं की आपसूक होणारी हालचाल अडखळते म्हणे. पटतंय, पण स्की वेगळं नि सतार वेगळी, नवशिक्याने अंगठा बघायचाच नाही का? तुम्ही रियाजात कसं करता?

उत्तर: ताई, मी व्हायोलिनवाला. मनगट सैल सोड असं कोणी म्हटलं की माझं तर आणखी ताठतं. त्यापेक्षा गज घोडीला (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) समांतर चाललाय का एवढंच बघतो, मनगट आपलं आपण सुटतं. तुम्ही तार पडद्यावर किती सरकते तिकडे बघा. बैठक, अंगठा वाजवायच्या आधी तपासा, मग मध्ये थांबून, वाजवताना नको. सरांचंही चूक नाही, फक्त एका वेळी एकच. आणि ठणका लागला की थांबाच, तो रेटून रियाज करायचा नसतो. तार पडद्यापासून फार उंच असेल तरी मींड जड जाते, मिरजेला सतार बनवणाऱ्या कोणाला तरी दाखवून घ्या.

धागाकर्ती: धन्यवाद दादा, उंचीचं डोक्यातच नव्हतं! आता लूमचं सांगा कोणीतरी, एका कानात इयरफोन घालून तानपुरा लावला तर चालेल का, की त्याने सतारीचाच आवाज दबेल?