विषय: ड्रायव्हिंगची प्रॅक्टिकल टेस्ट तोंडावर आलीये, मदत हवी

नमस्कार मंडळी,
थिअरी झाली, पुढच्या महिन्यात प्रॅक्टिकल. पुण्यात इतकी वर्षं गाडी चालवलीये आणि इथं ब्रिटनमध्येही डावीकडूनच चालवायची, म्हणून घरचे म्हणतात दोन-चार क्लास पुरे. शिकवणारा मात्र नकारार्थी मान डोलावतोय. भारतातल्या लायसन्सवर इथं गाडी चालवता येते ते बारा महिने संपत आलेत, त्यामुळे धाकधूक आहे. आरशात बघितलं हे परीक्षकाला दिसावं म्हणून मान मुद्दाम वळवायची का?
– स्लाऊहून

---

ताई,
घरच्यांचं अजिबात ऐकू नका. बाजू तीच, ही तर खरी गोम! हात-पाय जुन्या सवयीनं आपोआप चालतात. आपल्याकडे समोरच्यानं दिवे चमकवले की अर्थ एकच, 'मी येतोय, थांब'. इथं लोक तेच 'तुम्ही जा' म्हणून करतात, आणि हायवे कोडप्रमाणे (इथलं वाहतूक नियमांचं पुस्तक) त्याचा अर्थ फक्त 'मी इथं आहे' एवढाच. टेस्टमध्ये कुणी दिवे दाखवले म्हणून निघू नका, रस्ता स्वतः बघा आणि मग निघा.

राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकात, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पण रस्ता पूर्ण मोकळा असतानाही थांबून राहिलात तर तीही चूक धरतात. आपली मंडळी एकतर घुसतात, नाहीतर सभ्यपणाच्या नादात तिथंच मुक्काम ठोकतात. आणि गल्लीत वळताना कडेला कुणी रस्ता ओलांडायला उभं असेल तर थांबा. जानेवारी 2022 पासून पहिला हक्क त्याचा.

आरशाचं म्हणाल तर हो, मान चांगली वळवा.
– रेडिंगचे काका

---

काका, बाकी सगळं पटलं, मान वळवण्याचं नाही. परीक्षकाला तुमचे डोळे दिसतात, आणि त्याला हवं असतं ते बघून तुम्ही काय केलंत ते. आरशात सायकलवाला दिसला आणि तरी तुम्ही डावीकडे सरकलात, तर मानेचा व्यायाम फुकट. बरेच लोक नापास होतात ते जंक्शनला नीट न बघितल्यामुळे.

ताई, किरकोळ चुका 15 पर्यंत चालतात, गंभीर मात्र एकही नाही. गाडी बंद पडली तर घाबरून जाऊ नका, हँडब्रेक लावा, शांतपणे सुरू करा. बराच वेळ सॅटनॅव्ह (रस्ता दाखवणारं यंत्र) किंवा पाट्या बघून चालवायला लावतात. त्यात रस्ता चुकलात तरी गुण जात नाहीत. ऐनवेळी लेन बदलायला गेलात तर जातात. मागची काच साफ करायचं बटण वापरून दाखवा, असं चालत्या गाडीत सांगू शकतात. ते आजच शोधून ठेवा, आमच्या गाडीत ते वायपरच्या दांडीवर लपलंय.

क्लास ऑटोमॅटिकचे घेताय का? त्यावर पास झालात तर मॅन्युअल चालवता येणार नाही. घरची गाडी मॅन्युअल असेल तर आत्ताच ठरवा.
– वोकिंगची वहिनी