प्रतिसाद : वास नाही म्हणजे हवा स्वच्छ, असं नाही

वर एका ताईंनी लिहिलंय की हल्ली रात्री हवेला वास येत नाही, म्हणजे हवा सुधारली. मीही नवी मुंबईत कोपरखैरण्यात राहते, वास कमी झालाय हे खरं. पण सकाळी खिडकीची पट्टी ओल्या फडक्याने पुसली की संध्याकाळी बोट फिरवावं, पुन्हा काळं! आणि हे तर नुसतं डोळ्यांना दिसणारं. फुप्फुसात खोलवर जाणारे पीएम २.५ कण (म्हणजे हवेतले २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण) केसाच्या जाडीच्या जेमतेम तिसाव्या भागाएवढे; ते ना दिसतात, ना त्यांचा वास कळतो.

हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांवर १४ ते १६ वर्षं लक्ष ठेवलं. धूम्रपान वगैरेचा हिशेब वेगळा काढूनही सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघाला. हे १९९३ साली छापून आलं.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांचा अभ्यास मला जास्त धीर देतो. तिथे हवा सुधारत गेली तशी पुढच्या मुलांची फुप्फुसं जास्त चांगली वाढली. माझ्या लेकीला थंडीत रात्री दोन-दोन वाजता नेब्युलायझर (श्वासातून औषध देणारं यंत्र) लावावा लागतो, म्हणून ताई, वासावर जाऊ नका. रोजचा पीएम २.५ चा आकडा बघा आणि तो जास्त असेल तेव्हा मुलांना मैदानावर पाठवू नका.